मसल कार पारखताना: पाटीवरचे आकडे, रंगाखालचा पत्रा आणि पहिली सुरुवात

नारिंगी रंगाची १९६९ची डॉज चार्जर, दारावर ०१ हा आकडा, किंवा गर्द हिरवी १९६८ची मस्टँग. या गाड्या बहुतेकांनी आधी पडद्यावर पाहिलेल्या असतात आणि मग विकत घ्यायची इच्छा होते. नेमक्या याच कारणाने या बाजारात फसवणूक सोपी जाते. पडद्यावरच्या गाडीसारखी दिसणारी गाडी तयार करायला रंग, पट्टे आणि चार चाके पुरतात. कारखान्यातून तशीच निघालेली गाडी ओळखायची तर पत्र्यावर ठोकलेले आकडे वाचावे लागतात. दोघींच्या किमतीत कित्येक पटींचा फरक असतो, म्हणून पैसे कशाचे मोजतो आहोत हे आधी कळले पाहिजे.

मसल कार म्हणजे मध्यम आकाराच्या बॉडीत मोठ्या गाडीचे इंजिन. १९६४ साली पाँटिअ‍ॅकने जीटीओ आणली ती अशीच. जनरल मोटर्सचा दंडक होता की मध्यम गाडीत ३३० घन इंचांपेक्षा मोठे इंजिन बसवायचे नाही. पाँटिअ‍ॅकचे मुख्य इंजिनिअर जॉन डिलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३८९ घन इंचांचे इंजिन वेगळे मॉडेल म्हणून न आणता टेंपेस्ट ल मान्सवरचे २९५.९० डॉलरचे जादा पॅकेज म्हणून विकले. दंडक नव्या मॉडेलला होता, पॅकेजला नव्हता. ही पळवाट आज गाडी तपासणाऱ्यालाही महागात पडते, कारण १९६४ आणि १९६५च्या जीटीओच्या गाडी क्रमांकात (कारखान्याने दिलेला व्हीआयएन, नंबर प्लेट नव्हे) ती जीटीओ आहे हे कुठेच लिहिलेले नाही. मस्टँग आणि कॅमॅरो यांना जुने जाणकार मसल कार न म्हणता पोनी कार म्हणतात. तपासणीची रीत मात्र तीच.

पडद्यावरची गाडी आणि बाजारातली गाडी

'बुलिट' या १९६८च्या चित्रपटातला सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवरचा पाठलाग सुमारे अकरा मिनिटांचा आहे. पुढे काळी १९६८ची चार्जर आर/टी (चार्जरची जोरदार आवृत्ती), मागे स्टीव्ह मॅक्वीनची मस्टँग जीटी ३९०. त्यातली मुख्य मस्टँग एका कुटुंबाने १९७४ साली विकत घेतली, आणि जानेवारी २०२०मध्ये ती लिलावात ३४ लाख डॉलरच्या बोलीला गेली. शुल्क धरून ३७.४ लाख. गाडीला नवा रंग दिलेला नव्हता, ओरखडे आणि गंज तसाच होता. एवढी किंमत आली ती क्रमांकामुळे आणि कागदांमुळे. तिचा क्रमांक ८ आर ०२ एस १२५५५९. पहिला ८ म्हणजे १९६८, आर म्हणजे सॅन होजेचा कारखाना, ०२ म्हणजे फास्टबॅक बॉडी, एस म्हणजे ३९० जीटी इंजिन, आणि पुढे अनुक्रमांक. उड्यांसाठी वापरलेली दुसरी मस्टँग २०१७ साली मेक्सिकोत भंगारात सापडली, तेव्हा तिचा अनुक्रमांक १२५५५८ निघाला. अगदी शेजारचा. तिची ओळख पटली ती याच आकड्याने.

उलट बाजूही माहीत हवी. 'ड्यूक्स ऑफ हॅझर्ड' ही मालिका १९७९ ते १९८५ चालली आणि तिच्या चित्रीकरणात सुमारे ३०० चार्जर खर्ची पडल्या. १९६९च्या गाड्या कमी पडू लागल्या तेव्हा १९६८च्या गाड्यांना १९६९ची जाळी आणि मागचे दिवे लावून वापरले. 'व्हॅनिशिंग पॉइंट'मध्ये पांढरी १९७०ची डॉज चॅलेंजर शेवटी आदळते, पण त्या दृश्यात फुटते ती १९६७च्या कॅमॅरोची रिकामी बॉडी. 'गॉन इन सिक्स्टी सेकंड्स'च्या २००० सालच्या आवृत्तीतली करडी शेल्बी मस्टँग म्हणजे साध्या मस्टँग फास्टबॅकवर चढवलेले फायबरचे भाग. तेव्हा "सिनेमात आहे अगदी तशी" हे विक्रेत्याचे वाक्य गाडीबद्दल काहीच सांगत नाही.

नक्कल असणे हा दोष नाही. साध्या चार्जरला ४४० इंजिन बसवून रोज चालवणारे पुष्कळ आहेत आणि गाडी म्हणून ती उत्तम असते. पाप एकच: नक्कल अस्सल म्हणून विकणे.

साल कसे ओळखावे

दुसऱ्या पिढीच्या चार्जरची तीन वर्षे लांबून ओळखता येतात. १९६८ला पुढची जाळी अखंड, मागे दोन-दोन गोल दिवे, मडगार्डच्या बाजूचे छोटे दिवेही गोल. १९६९ला जाळीच्या मध्ये उभा दुभाजक, मागे लांबट आयताकृती दिवे, बाजूचे दिवेही आयताकृती. १९७०ला जाळी पुन्हा अखंड, पण तिला चहूबाजूंनी वेढणारा एकच क्रोमचा बंपर. जाळी १९६९ची आणि बाजूची भोके गोल असतील तर १९६८च्या गाडीला १९६९चे कपडे चढवलेले आहेत. जाळी आणि मागचे दिवे सहज बदलतात, मडगार्डमधली भोके बुजवायचा कंटाळा लोक करतात.

गाडी क्रमांक वाचणे

१९६८पासून चार्जरचा क्रमांक डॅशबोर्डवर, चालकाच्या बाजूला, पुढच्या काचेतून दिसतो. उदाहरण म्हणून एक्स एस २९ एल ९ बी आणि पुढे सहा आकडे घ्या. एक्स म्हणजे चार्जर. दुसरे अक्षर एस असेल तर आर/टी, पी असेल तर साधी चार्जर, आणि १९६९मध्ये दुसरेही अक्षर एक्सच असेल तर चार्जर ५०० किंवा डेटोना. २९ म्हणजे दोन दारांची हार्डटॉप. पाचवे अक्षर इंजिनचे: एफ ३१८, जी दोन बॅरलच्या कार्ब्युरेटरचे ३८३, एच चार बॅरलचे ३८३, एल ४४० मॅग्नम, जे ४२६ हेमी. सहावा आकडा वर्षाचा, सातवे अक्षर कारखान्याचे: बी हॅमट्रॅमक, जी सेंट लुइस, ई लॉस अँजेलिस.

१९७०ला इंजिनची अक्षरे बदलली, आणि इथे भलेभले घसरतात. १९७०मध्ये ४४० मॅग्नम यू झाले, तीन कार्ब्युरेटरचे ४४० सिक्स पॅक व्ही झाले, हेमी आर झाले, आणि एल हे अक्षर गेले दोन बॅरलच्या ३८३ला. म्हणजे १९७०च्या गाडीवरचा एल पाहून "४४० आहे" म्हणणारा एकतर वर्ष विसरला आहे किंवा तुम्ही विसराल अशी त्याची अपेक्षा आहे.

डॅशबोर्डवरची पाटी एका गाडीतून दुसरीत लावता येते. अमेरिकेत तो संघीय गुन्हा आहे, तरी घडतो. म्हणून दुसरा पुरावा बघायचाच. क्रमांकाचा शेवटचा भाग बॉडीच्या पत्र्यावरही ठोकलेला असतो: एकदा रेडिएटरच्या वरच्या आडव्या पट्टीवर आणि एकदा डिकीच्या कडेला, रबराच्या पट्टीखाली. रबर हळूच उचला, टॉर्च तिरकी धरा. जाड रंगात अक्षरे बुडालेली असतील तर नखाने जाणवतात. मालकाने रबर उचलू दिले नाही तर व्यवहार तिथेच थांबवावा. या दोन जागा आणि डॅशबोर्ड यांचे आकडे जुळले, तर बॉडी ती आहे असे धरायला हरकत नाही.

मग बोनेट उघडून डाव्या मडगार्डच्या आतल्या पत्र्यावरची छोटी पाटी पाहा. ती खालच्या ओळीपासून वर वाचायची असते. वरून वाचायला गेलात तर काहीच लागत नाही. ई ८६ म्हणजे ४४० मॅग्नम, ई ७४ म्हणजे हेमी, डी २१ म्हणजे चार गिअरचा हाताने बदलायचा गिअर बॉक्स, डी ३२ म्हणजे टॉर्कफ्लाइट ऑटोमॅटिक. त्यावर बांधणीचा नियोजित दिवसही असतो: पहिले चिन्ह महिन्याचे, पुढचे दोन आकडे तारखेचे. ९१८ म्हणजे १८ सप्टेंबर. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबरसाठी ए, बी, सी. ही पाटी नवी छापून मिळते, म्हणून तिच्यावर एकटीवर विसंबू नये. कारखान्यातला कामाचा कागद मागच्या सीटच्या स्प्रिंगांत, डॅशबोर्डच्या आत हातमोजे ठेवायच्या कप्प्याच्या वर किंवा पेट्रोलच्या टाकीवर अडकलेला सापडतो. उंदरांनी कुरतडलेला, तेलकट असला तरी तो सोन्याच्या मोलाचा. त्यावरचा क्रमांक गाडीशी जुळतो का ते मात्र पाहा, कारण कारखान्यात चुकून शेजारच्या गाडीचा कागद आत राहिल्याची उदाहरणे आहेत.

इंजिन तेच आहे का

४४०मध्ये डिस्ट्रिब्युटर पुढे उजव्या बाजूला असतो. त्याच्या शेजारी ब्लॉकवर एक सपाट जागा आहे, तिथे वर्षाचे अक्षर, ४४० आणि जोरदार आवृत्ती असेल तर एचपी ठोकलेले असते. डी १९६८, ई १९६९, एफ १९७०. गाडीचा क्रमांक ब्लॉकच्या उजव्या अंगाला, ऑइल पॅनच्या कडेच्या वर असतो. तिथे साठ वर्षांची तेलकट काजळी बसलेली असते. वायर ब्रश आणि ब्रेक क्लीनरने साफ करावी, ग्राइंडर लावू नये. ग्राइंडरने आकडे उडाले की पुरावा गेला.

सर्वांत कामाचा नियम साधा आहे: ब्लॉक ओतल्याची तारीख गाडीच्या बांधणीच्या आधीची असली पाहिजे, साधारण काही आठवडे ते दोन-तीन महिने. गाडी नोव्हेंबरची आणि ब्लॉक पुढच्या फेब्रुवारीचा असेल, तर इंजिन नंतर बदलले आहे. शिक्के पुन्हा ठोकता येतात, पण ओतीव तारीख उठावाची असल्याने ती बदलणे अवघड.

शेव्हरोलेमध्ये शिक्क्याची जागा उजव्या सिलिंडर हेडच्या पुढे असते. कारखान्यातल्या यंत्राने त्या जागेवर पुढून मागे जाणाऱ्या बारीक समांतर रेघा राहतात. ब्लॉकचा माथा नंतर घासला असेल तर रेघा पुसल्या जातात. गुळगुळीत जागेवर कोरे, टोकदार आकडे दिसले तर ते नव्याने ठोकलेले समजावेत.

इतर गाड्यांबद्दल थोडक्यात

शेव्हरोलेच्या शेव्हेलमध्ये १९६६ ते १९६८ काम सोपे आहे: एसएस ३९६ या जोरदार आवृत्तीचा क्रमांक १३८ने सुरू होतो. १९६९पासून एसएस हे पॅकेज झाले आणि क्रमांक बहुधा साध्या व्ही-८ मलिबूचाच (शेव्हेलचीच साधी आवृत्ती), म्हणजे १३६. त्यामुळे १९७०ची ४५० अश्वशक्तीची एलएस-६ ही सर्वांत जास्त नकला होणाऱ्या गाड्यांपैकी एक. कामाचा कागद, मूळ विक्रीचे बिल यांच्याशिवाय तिला एसएसची किंमत देऊ नये. १९७२ला क्रमांकात इंजिनचे अक्षर आले. डब्ल्यू म्हणजे ४५४.

जीटीओ १९६६ ते १९७१ २४२ने सुरू होते. त्याआधीची असेल तर पाँटिअ‍ॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडून कारखान्याच्या नोंदीची प्रत मागवावी. फोर्डसाठी १९६७पासूनच्या गाड्यांचा मार्टी रिपोर्ट, म्हणजे कारखान्याच्या नोंदींवरून काढलेला अहवाल, मिळतो. मस्टँगच्या क्रमांकातली १९६९-७०ची अक्षरे लक्षात ठेवावीत: जी बॉस ३०२, झेड बॉस ४२९, क्यू आणि आर ४२८ कोब्रा जेट. मस्टँगचा खरा शिक्का बोनेटखाली मडगार्डच्या आतल्या पत्र्यावर असतो. चालकाच्या बाजूचा मडगार्डच्या खाचेतून दिसतो.

जाहिरातीतल्या अश्वशक्तीची तुलना करताना १९७२ ही रेघ ओढावी. त्याआधीचे आकडे उघड्या इंजिनचे, पंखा-सायलेन्सर न जोडता मोजलेले. १९७२पासूनचे आकडे गाडीत बसलेल्या इंजिनचे. १९७१ला जनरल मोटर्सने शिसेविरहित पेट्रोलसाठी कॉम्प्रेशनही उतरवले. म्हणून आकडा एकदम कोसळलेला दिसतो, पण तेवढी ताकद प्रत्यक्षात गेलेली नसते.

पत्रा

इंजिन बांधता येते, गिअर बॉक्स मिळतो. सडलेला पत्रा मात्र खिसा रिकामा करतो. चकाकणारा नवा रंग बघून भुलू नये. वरून कीर्तन, आतून तमाशा असा प्रकार इथे नेहमीचा.

चार्जरची मागची काच आत दबलेली असते आणि छपराच्या दोन भिंती तिच्या दोन्ही बाजूंनी उतरत येतात. दिसायला देखणे, पण पाणी त्या खळग्यात साचते. काचेखालची आणि डिकीच्या मधली आडवी पट्टी आधी सडते, मग पाणी डिकीत उतरते आणि डिकीच्या तळाचे दोन्ही कोपरे जातात. डिकीतली चटई उचलून कोपऱ्यांत स्क्रू ड्रायव्हरने दाबून पाहा. टणक आवाज आला पाहिजे. मऊ लागला किंवा चुरा पडला तर नवा तळ घालावा लागेल. छपरावर व्हिनाइल असेल तर त्यावरून तळहात फिरवा. फुगवटे लागले तर खाली गंज आहे.

पुढच्या काचेखालच्या हवेच्या जाळीची परीक्षा बाटलीभर पाण्यात होते. एक लिटर पाणी जाळीत हळूहळू ओता आणि चालकाच्या पायाखालची चटई उचलून पाहा. पाणी मडगार्डच्या मागून जमिनीवर पडले पाहिजे. डॅशबोर्डखालून टपकले तर आतला कोनाडा फुटला आहे, आणि तो दुरुस्त करायला डॅशबोर्ड, मडगार्ड, प्रसंगी पुढची काच काढावी लागते. मस्टँगमध्ये हा रोग सर्रास आहे.

गाडी लिफ्टवर घ्या. चार्जरला पुढे कॉइल स्प्रिंग नसून टॉर्शन बार आहेत, आणि त्यांचा मागचा टोक ज्या आडव्या पट्टीत बसतो ती सडली तर पुढची उंचीच जाते. तिथे हातोडीने हलके ठोकून पाहा. वेल्डिंग केलेले ठिगळ दिसले तर घडी करून वरवर चिकटवलेले आहे की कापून जोडलेले आहे ते पाहा. शेव्हेलला स्वतंत्र चासी असते, तिची मागच्या चाकांवरची कमान आणि बॉडी बसते ते रबर तपासावे.

पुट्टी शोधायला पातळ फडक्यात गुंडाळलेला लोहचुंबक पुरतो. मागच्या चाकाच्या कमानीवर, दाराच्या खालच्या कडेला, मडगार्डच्या मागच्या खालच्या टोकाला फिरवा. जाडी मोजायचे यंत्र असेल तर मूळ रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन, पुन्हा रंगवलेली गाडी २०० ते ४००, आणि १०००च्या वर म्हणजे नक्की पुट्टी. थोडी पुट्टी प्रत्येक जुन्या गाडीत असते. ती कुठे आहे हे महत्त्वाचे: दाराच्या मध्यावरची चेप आणि मडगार्डच्या खालचे भोक ही सारखी गोष्ट नाही.

डेट्रॉईट परिसरात राहणाऱ्या मराठी मंडळींना एक सोय आहे. वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर १९९५पासून ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी या गाड्यांची मिरवणूक निघते. बोनेट उघडी ठेवून मालक शेजारी बसलेले असतात आणि विचारले तर मनापासून दाखवतात. दहा अस्सल चार्जर जवळून पाहिल्यावर अकरावी नकली असेल तर डोळ्यांना खटकते.

वर्षानुवर्षे उभी गाडी सुरू करणे

घाईने सेल्फ मारला आणि पिस्टनच्या कडा गंजलेल्या असतील तर रिंगा तुटतात. म्हणून आठही प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर पातळ तेल घाला आणि रात्रभर ठेवा. एअर क्लिनरचे झाकण उघडून उंदरांचे घरटे काढा. दुसऱ्या दिवशी प्लग बाहेरच ठेवून क्रँकच्या बोल्टला सॉकेट लावून हाताने दोन फेऱ्या फिरवा. अडले तर जोर करू नका. पुन्हा तेल घालून थांबा. लक्षात असू द्या, या गाड्यांचे सगळे नट-बोल्ट इंचाचे आहेत. १३चा पाना अर्ध्या इंचाच्या बोल्टला बसल्यासारखा वाटतो आणि कडा गोल करून टाकतो.

चार्जरची पेट्रोलची टाकी १९ गॅलनची, सुमारे ७२ लिटर. जुने पेट्रोल वार्निशसारखे घट्ट होते, टाकीच्या आतली गाळणी बुजते. पहिल्या सुरुवातीसाठी टाकीला हातच लावू नये. पंपाला नव्या नळीने पाच लिटरचा कॅन जोडावा. रबरी नळ्या सगळ्या बदलाव्यात, कारण जुन्या रबराला इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सोसत नाही. आतून सोलपटे सुटतात आणि कार्ब्युरेटरची सुई अडकते. नवी नळी जे३०आर९ दर्जाची घ्यावी. मॅग्नमचे कॉम्प्रेशन १०च्या वर आहे, म्हणून अमेरिकेत ९१ ते ९३ ऑक्टेनचेच पेट्रोल.

तेल ५ क्वार्ट, फिल्टर धरून, म्हणजे सुमारे ४.७ लिटर. या इंजिनांचे टॅपेट सपाट असतात, ते कॅमवर घासतच फिरतात, आणि त्या जागी जस्त-फॉस्फरसचा थर लागतो. आजच्या गाड्यांच्या पातळ तेलात तो कमी केलेला आहे. जुन्या इंजिनांसाठीचे, हजार-बाराशे पीपीएमच्या वर जस्त असलेले १०डब्ल्यू-४० सारखे तेल घ्या. कॅम नवा बसवला असेल तर सुरू होताच २००० ते २५०० आरपीएमवर वीस ते तीस मिनिटे चालवावे, आयडलवर सोडू नये. आयडलवर कॅमवर तेलाचा शिडकावा कमी पडतो आणि पहिल्याच दिवशी टॅपेट खाल्ले जातात. इंजिन उघडलेलेच नसेल तर ही कसरत नको. प्लग बाहेर ठेवून तेलाच्या दाबाचा काटा हलेपर्यंत सेल्फ फिरवला की पुरे. नव्याने बांधलेल्या ४४०ला मात्र डिस्ट्रिब्युटर आणि त्याखालचा गिअर काढून ५/१६ इंची षटकोनी सळईने ड्रिल उलटे फिरवून पंप भरून घ्यावा. रोटर ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेने ड्रिल फिरवायचे, आणि ४४०चा रोटर घड्याळाच्या उलट फिरतो. फायरिंग ऑर्डर १-८-४-३-६-५-७-२, तीही त्याच दिशेने. प्लगच्या वायरी घड्याळाच्या दिशेने लावल्या की कार्ब्युरेटरमधून भडका येतो, म्हणून पहिल्या वेळी हात कार्ब्युरेटरवर धरू नका आणि अग्निशामक जवळ ठेवा.

डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटची टोके बारीक पट्टीने घासून गॅप लावा, प्लगचा गॅप ०.०३५ इंच. रेडिएटरमध्ये सुमारे १६ लिटर पाणी-कूलंट, निम्मे निम्मे.

आता जुन्या डॉज-प्लिमथमधली सर्वांत नेहमीची तक्रार. चावी फिरवली की इंजिन झटकन सुरू होते, आणि चावी सोडताच त्याच क्षणी बंद. पुन्हा फिरवा, पुन्हा सुरू, सोडा, बंद. लोक कार्ब्युरेटर उघडून बसतात. खोट असते फायरवॉलवरच्या पांढऱ्या चिनी मातीच्या छोट्या रोधकात, ज्याला बॅलास्ट म्हणतात. सेल्फ फिरताना कॉइलला थेट बॅटरीचा करंट मिळतो. चावी सोडली की तो बॅलास्टमधून जातो. बॅलास्टची तार तुटलेली असेल तर कॉइल उपाशी. मल्टीमीटर लावा, वाचन उघडे आले तर बदला. दोन स्क्रूंचे काम आहे, आणि एक नवा नेहमी डिकीत ठेवावा.

त्याच भिंतीवर वायरिंगचा मोठा प्लास्टिकचा सॉकेट असतो. अल्टरनेटरचा सगळा करंट या सॉकेटमधून डॅशबोर्डवरच्या अँपिअर मीटरपर्यंत जातो आणि परत येतो. पितळेच्या पिनांवर काळपटपणा चढला की तिथे उष्णता होते, प्लास्टिक तपकिरी होऊन वितळते, आणि पुढची पायरी आग. बॅटरी काढून तो सॉकेट सोडवा, दोन्ही बाजूंच्या जाड लाल आणि काळ्या वायरींच्या पिना पाहा. रंग बदललेला दिसला तर नव्या पिना क्रिंप करा. ही तपासणी गाडी पहिल्यांदा रात्री दिवे लावून चालवण्याआधीच करायची.

टायमिंग लावताना व्हॅक्यूमची नळी काढून तिचे तोंड बंद करा. पूर्ण यांत्रिक अ‍ॅडव्हान्स ३४ ते ३६ अंशांच्या आसपास असावा. पण त्याआधी पुढच्या बॅलन्सरची खूण खरी आहे का ते पाहा: त्याचे बाहेरचे कडे रबरावर बसवलेले असते, रबर सुटले की कडे सरकते आणि खूण खोटे बोलते. पहिल्या सिलिंडरमध्ये पिस्टन स्टॉप (प्लगच्या जागी बसणारा, पिस्टन अडवणारा बोल्ट) लावून दोन्ही बाजूंनी फिरवा, दोन खुणांचा मध्य म्हणजे खरा टॉप.

रस्त्यावर नेण्याआधी ब्रेकच्या तिन्ही रबरी नळ्या बदला. बाहेरून चांगल्या दिसतात, आतून सुजून झडपेसारख्या वागतात: पाय उचलला तरी चाक धरून ठेवतात. चारही ड्रम उघडा, व्हील सिलिंडरच्या टोपीखाली ओल असेल तर तो गेला. टायरच्या बाजूवर शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात; नक्षी कितीही शिल्लक असली तरी दहा वर्षांचे टायर महामार्गावर नकोत.

आणि चाके काढताना एक गोष्ट. क्रायस्लरच्या गाड्यांना (डॉज, प्लिमथ त्यातच आल्या) १९७०पर्यंत डाव्या बाजूच्या चाकांना उलट्या आट्यांचे स्टड असतात. स्टडच्या टोकावर एल हे अक्षर कोरलेले असते. तिथे नट घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो. नेहमीच्या सवयीने लांब पाइप लावून उलटा जोर केला तर स्टड मोडतो, आणि मग ड्रम उतरवून नवा स्टड ठोकेपर्यंत गाडी जॅकवरच राहते. फडक्याने टोक पुसा, अक्षर वाचा, मग पाना लावा.